इसब त्वचेवर, इलाज पोटात?

(शॉमबर्ग, इलिनॉय इथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



2014 सालच्या अखेरीला अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं इसबाच्या उपचारांविषयीच्या आपल्या मार्गदर्शिकेचा चौथा भाग प्रसिद्ध केला. मुलांमध्ये दिसणाऱ्या, खाज आणि कोरडेपणा घेऊन येणाऱ्या ॲटोपिक डर्मटायटिसबद्दल ही मार्गदर्शिका आहे. सिॲटलचे रॉबर्ट सिडबरी आणि त्यांचे सहकारी यांनी हा भाग लिहिला. त्यात एक छोटी शिफारस होती: ज्याला इसब झालेलाच आहे त्याला उपचार म्हणून प्रोबायोटिक (जिवंत जिवाणू) किंवा प्रीबायोटिक (त्यांचं खाद्य) देण्याचा सल्ला आम्ही देत नाही, कारण पुराव्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. त्या वेळी या संघटनेचं मुख्य कार्यालय याच गावात होतं, ईस्ट वुडफिल्ड रोडवर. पुढे ते रोझमाँटला गेलं. देशभरातल्या तज्ज्ञांनी विचार करून लिहिलेली ती शिफारस जगभर गेली ती शॉमबर्गचा पत्ता घेऊन, आणि म्हणून आजचा विषय निवडताना मला फार शोधाशोध करावी लागली नाही.

ही शिफारस समजावून सांगण्याची गरज मात्र खरी आहे. मुलाच्या कोपराच्या खळगीत, गुडघ्यामागे, गालांवर खरखरीत चट्टे आले की आपल्याकडच्या आया पहिल्यांदा विचारतात, "याच्या पोटात काही बिघडलंय का?" नंतर विचारतात, "प्रोबायोटिक सुरू करू का?" पुष्कळदा ते सुरू झालेलंच असतं. फ्रिजच्या दारात बाटली असते, तिच्यावर अब्जावधी जिवंत जिवाणूंचा आकडा असतो, आणि महिन्याचा खर्च कमी नसतो.

त्वचेचं दुखणं पोटात शोधायची आपली सवय जुनी आहे. मुलाच्या गालावर फिकट पांढरे चट्टे दिसले की जंत झाले म्हणून जंताचं औषध दिलं जातं. ते चट्टे बहुतेक वेळा सौम्य इसबाचाच एक प्रकार असतात, जंतांचा त्यांच्याशी संबंध नसतो. अंगावर काही उठलं की पित्त झालं असं आपण म्हणतो. माशांवर दूध प्यायलं की कोड येतं, हे कोकणात आणि देशावर सारखंच सांगितलं जातं. त्वचेची तक्रार घेऊन वैद्यांकडे गेलं तर दही बंद होतं. अशा घरात वाढलेल्या मुलीला, ती आता इथे आयटीत असो वा बँकेत, बाटलीवरच्या इंग्रजी मजकुरात आजीचंच बोलणं ऐकू येतं: आधी पोट सुधारा, त्वचा आपोआप सुधारेल. बाळंतपणाला पुण्याहून किंवा नागपूरहून आलेली आई आणि इथली मुलगी यांचं डाळीच्या पिठावरून पटत नाही, धुरीवरून पटत नाही, पण या बाटलीवर दोघींचं एकमत होतं. तिचा प्रभाव इतका का पडतो, हे मला त्यावरून कळतं.

आजीचं म्हणणं निराधार आहे असं मी म्हणणार नाही. आतडं आणि रोगप्रतिकारशक्ती यांचं नातं विज्ञानानंही मान्य केलं आहे. शरीरातल्या प्रतिकारक पेशींचा फार मोठा भाग आतड्याच्या भिंतीलगत राहतो. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत तिथे वस्तीला आलेले जिवाणू या पेशींना कशावर चिडायचं आणि काय सोडून द्यायचं हे शिकवतात. आपण खाल्लेल्या तंतूंवर हे जिवाणू जगतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात, जी दाह आवरणाऱ्या पेशींना बळ देतात. 1989 साली डेव्हिड स्ट्रॅकन यांनी 1958 मध्ये जन्मलेल्या 17,414 ब्रिटिश मुलांची माहिती तपासली, तेव्हा ज्यांना मोठी भावंडं जास्त त्यांना गवतज्वर आणि तान्हेपणीचा इसब कमी असं दिसलं. स्वच्छतेच्या अतिरेकाशी ॲलर्जीचं नातं असावं ही कल्पना तिथून रुजली.

देशांतराचा प्रश्न तर आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. जमैकातल्या किंग्स्टनमधली मुलं आणि लंडनमध्ये वाढणारी कॅरिबियन वंशाची कृष्णवर्णीय मुलं यांची तुलना झाली, तेव्हा किंग्स्टनमध्ये इसबाचं प्रमाण 5.6 टक्के आणि लंडनमध्ये 14.9 टक्के निघालं. वंश तोच, गाव बदललं. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंचा अनेक वर्षं अभ्यास केला. 2016 मध्ये त्यांनी दाखवलं की भारतीय आतड्यांत प्रिव्होटेला आणि मेगास्फिरा हे जिवाणू विशेष विपुल असतात. धान्य, डाळी, भाज्या खाणाऱ्या समाजांत प्रिव्होटेला जास्त आढळतो. 2018 मध्ये जवळच्या मिनेसोटात थायलंडहून आलेल्या ह्मोंग आणि करेन लोकांचा अभ्यास झाला. अमेरिकेत येऊन नऊ महिने होतात न होतात तोच त्यांच्या आतड्यांतला प्रिव्होटेला मागे हटू लागला होता आणि त्याच्या जागी पाश्चात्त्य आहारावर पोसला जाणारा बॅक्टेरॉइडीस येत होता. आपल्यातले जे लोक दोन बॅगा घेऊन ओहेअर विमानतळावर उतरले, त्यांच्या पोटातही असंच काही घडलं असण्याची शक्यता मला वाटते.

इथपर्यंतची साखळी मजबूत आहे. माणूस देश बदलतो, आहार बदलतो, आतड्यातली वस्ती बदलते, ॲलर्जीचे आजार वाढतात. पण शेवटची कडी, म्हणजे बाटलीतला एक जिवाणू गिळला की चट्टे जातात, ही या साखळीतून आपोआप निघत नाही. ती वेगळी सिद्ध करावी लागते, आणि माणसांवरच. तिथे काय झालं ते जरा सविस्तर सांगते.

गोष्ट फिनलंडमधल्या तुर्कूची. 1983 मध्ये शेरवूड गोर्बाख आणि बॅरी गोल्डिन यांनी एका निरोगी माणसाच्या आतड्यातून एक जिवाणू वेगळा काढला. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं घेऊन तो लॅक्टोबॅसिलस जीजी झाला. तुर्कूमध्ये एरिका इसोलौरी आणि मार्को कॅलिओमाकी यांच्या गटानं तो गरोदर स्त्रियांना दिला. या स्त्रियांच्या घरात ॲलर्जी होती, म्हणजे होणाऱ्या बाळाला धोका जास्त. प्रसूतीआधी दोन ते चार आठवडे आणि नंतर सहा महिने, रोज 10 अब्ज जिवाणू. दुसऱ्या गटाला दिसायला तशीच, पण जिवाणू नसलेली पूड, म्हणजे प्लासिबो. 2001 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: दोन वर्षांच्या वयात प्लासिबोच्या गटात 46 टक्के मुलांना इसब, जिवाणूंच्या गटात 23 टक्के. बरोबर निम्मे.

हा आकडा जगभर गेला. आज दुकानात जी बाटली दिसते तिच्या जाहिरातीमागे दूरवर कुठेतरी हाच आकडा उभा असतो. त्यानंतरचं मात्र फार कमी लोकांना ठाऊक आहे. जर्मनीत फ्रायबुर्गच्या डॉक्टरांनी हाच जिवाणू घेऊन जवळपास तसाच प्रयोग केला. 2008 मध्ये त्यांनी कळवलं की जिवाणू घेतलेल्यांत 28 टक्के आणि न घेतलेल्यांत 27.3 टक्के मुलांना इसब झाला. म्हणजे फरक नाही. सॅन फ्रान्सिस्कोत 184 बाळांना जन्मापासून सहा महिने हाच जिवाणू किंवा प्लासिबो देण्यात आला. 2017 मध्ये निकाल आला तो 28.7 विरुद्ध 30.9 टक्के. हाही फरक मोजण्यासारखा नव्हता.

न्यूझीलंडमधला एक प्रयोग मला सगळ्यांत शिकवणारा वाटतो. तिथे एकाच चाचणीत दोन वेगवेगळे जिवाणू दोन गटांना दिले गेले. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस एचएन001 घेतलेल्या मुलांत इसब जवळपास निम्म्यावर आला. बायफिडोबॅक्टेरियम एचएन019 घेतलेल्यांत काहीच फरक पडला नाही. डॉक्टर तेच, देश तोच, कुटुंबंही तशीच, जिवाणू वेगळा आणि फळ वेगळं. पुढे त्याच देशात एचएन001 फक्त आईला दिला, बाळाला दिला नाही, तेव्हा तोही निरुपयोगी ठरला. ऑस्ट्रेलियात पर्थला आणखी एक लॅक्टोबॅसिलस बाळांना सहा महिने दिला गेला. इसब कमी झाला नाहीच, उलट ॲलर्जीच्या चाचण्या जास्त मुलांत सकारात्मक आल्या. तेव्हा "प्रोबायोटिक चांगलं असतं का?" हा प्रश्नच अपुरा आहे. कुठला जिवाणू, कुणाला, कुठल्या वयात, किती दिवस, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. दुकानातल्या फळीवर ही सगळी माहिती एका शब्दात गुंडाळलेली असते.

आणि हे सारे प्रयोग इसब होऊ नये म्हणून केलेले. जागतिक ॲलर्जी संघटनेनं 2015 मध्ये जास्त धोका असलेल्या गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि बाळं यांच्यासाठी प्रोबायोटिकचा विचार करायला हरकत नाही असं म्हटलं, पण पुराव्याचा दर्जा अतिशय कमी आहे हेही त्याच वाक्यात नोंदवलं. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. चार वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यामागे इसब आहे, सौम्य आहे, आता काय करायचं?

त्याचं उत्तर शोधणाऱ्या चाचण्यांची मोजदाद कॉक्रेन या संस्थेनं दोनदा केली. 2008 मध्ये 12 चाचण्या आणि 781 मुलं होती. 2018 मध्ये 39 चाचण्या आणि 2,599 रुग्ण झाले. खाज आणि झोप यांबद्दल रुग्णांनी किंवा पालकांनी स्वतः दिलेल्या गुणांत प्रोबायोटिक आणि प्लासिबो यांत फरक जवळजवळ सापडला नाही. जीवनमानातही नाही. डॉक्टरांची तपासणी आणि रुग्णाची तक्रार एकत्र मोजणाऱ्या गुणांत थोडा फरक होता. स्कोरॅड नावाची एक मोजपट्टी आहे, इसबाची व्याप्ती, तीव्रता, खाज आणि झोप मिळून 103 पर्यंत गुण देणारी. प्रोबायोटिक घेतलेल्यांचे गुण सरासरी 3.91 नं जास्त उतरले. आता हे ध्यानात घ्या की रुग्णाला स्वतःला "बरं वाटतंय" असं जाणवायला या मोजपट्टीवर साधारण 8.7 गुणांचा फरक लागतो. कागदावर फरक आहे, पण रात्री दोन वाजता खाजवत उठणाऱ्या मुलाला तो जाणवण्याजोगा नाही.

उलट दिशेचा पुरावा झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. 2018 मध्येच स्पेनमध्ये 4 ते 17 वयाच्या 50 मुलांवर तीन विशिष्ट जिवाणूंच्या मिश्रणाची 12 आठवडे चाचणी झाली आणि प्लासिबोच्या तुलनेत मिश्रण घेतलेल्यांचे स्कोरॅडचे गुण तब्बल 19.2 नं जास्त उतरले. हा निकाल मोठा आहे. पण मुलं फक्त 50 होती, आणि त्यांचा इसब मध्यम होता, सौम्य नव्हता. अशी चाचणी दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या देशात, कितीतरी जास्त मुलांवर करून तोच निकाल काढला तर मी मत बदलेन. तुर्कूच्या निकालाचं फ्रायबुर्गमध्ये काय झालं ते आपण पाहिलंच.

मग इतक्या आया मनापासून "फरक पडला" असं का सांगतात? त्या खोटं बोलत नाहीत. फरक पडलेला असतोच. इसब चढतो आणि उतरतो, आणि बऱ्याच मुलांचा तो शाळेच्या वयात ओसरतो. बाटली विकत घेतली जाते ती चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात त्या आठवड्यात, म्हणजे आजार टोकाला गेलेला असताना. तिथून तो बहुधा उतरणारच असतो. ढग भरून आल्यावर पर्जन्ययज्ञ केला तर पावसाचं श्रेय यज्ञाला जातं. चाचण्यांत प्लासिबो घेणारी मुलंही सुधारतात, ती याचमुळे. इसब जितका सौम्य, तितकं हे आपोआप उतरणं ठळक, आणि तितकी कुठल्याही गोळीला यश लाभण्याची सोय जास्त.

प्रीबायोटिकबद्दल थोडक्यात. जिवंत जिवाणू न देता त्यांचं खाद्य द्यायचं, ही कल्पना 1995 मध्ये गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड यांनी मांडली. इटलीत 2006 मध्ये जास्त धोक्याच्या, पण बाहेरचं दूध पिणाऱ्या बाळांना दुधातून असं खाद्य दिलं, तेव्हा सहा महिन्यांच्या वयात इसबाचं प्रमाण 23.1 ऐवजी 9.8 टक्के दिसलं. हेही पुन्हा प्रतिबंधाचं. आईच्या दुधात अशा शर्करा निसर्गतःच भरपूर असतात, हे इथल्या तरुण मातांनी लक्षात ठेवावं. झालेल्या सौम्य इसबावर प्रीबायोटिकची पूड पाण्यातून देण्याला आधार म्हणावा असं फारसं काही नाही. कांदा, लसूण, केळी, गहू, डाळी यांतून हे खाद्य रोजच्या जेवणात येतच असतं.

आता दही. हा प्रश्न आल्याशिवाय राहणार नाही, म्हणून आधीच बोलते. घरी विरजण लावलेलं दही हे उत्तम अन्न आहे, आणि इसब आहे म्हणून मुलाचं दही किंवा ताक बंद करण्याचं कारण मला दिसत नाही, दुधाची सिद्ध झालेली ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी. पण विरजणातले जिवाणू कुठले आणि किती, हे घरोघरी, ऋतूऋतूत बदलतं. चाचणीत वापरलेला विशिष्ट जिवाणू त्यात असेलच असं नाही. कढी उकळली की ते मरतात. दही खावं ते दही म्हणून, भाताबरोबर, आवडीनं. त्याच्यावर औषधाचं ओझं टाकू नये.

इसबाचा इलाज त्वचेवरच आहे, आणि तो फार चांगला आहे. हे मी आज सगळ्यांत ठासून सांगते, कारण बाटलीवर पैसे गेले याचं मला तितकं वाईट वाटत नाही. बाटली "काम करेल" म्हणून महिनोन्महिने वाट पाहिली जाते आणि तोवर मूल खाजवत राहतं, त्याची झोप मोडते, त्याच्याबरोबर घराचीही मोडते, याचं वाईट वाटतं.

2006 मध्ये डंडीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असला तर इसबाची शक्यता फार वाढते. हे प्रथिन त्वचेचा वरचा थर घट्ट आणि ओलसर ठेवतं. ते कमी पडलं की पाणी बाहेर जातं आणि चिडवणारे पदार्थ आत येतात. दाह तिथून पेटतो. आता शॉमबर्गचा हिवाळा डोळ्यांपुढे आणा: बाहेर उणे तापमान, घरात दिवसरात्र हीटिंग, हवा सुकलेली, लोकरीचा स्वेटर, आणि शाळेतून आल्यावर कढत पाण्याची आंघोळ. पुण्यात ज्या मुलाच्या त्वचेनं कधी तक्रार केली नसती, तिच्यावर इथे डिसेंबर ते मार्च चट्टे उठतात.

म्हणून आंघोळ कोमट पाण्यानं, पाचदहा मिनिटं, सौम्य साबण लागेल तिथेच. अंग टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि त्वचा ओली असतानाच घट्ट मलम किंवा क्रीम भरपूर लावायचं. पातळ लोशनपेक्षा डबीतलं जाडसर क्रीम किंवा पेट्रोलियम जेली बरी. डाळीचं पीठ आणि उटणं मुलाच्या चट्ट्यांवर घासू नये, त्यानं वरचा थर आणखी निघतो. तेलाचं म्हणाल तर आपल्या खोबरेलाच्या बाजूनं एक चांगली चाचणी आहे: फिलिपिन्समध्ये सौम्य ते मध्यम इसबाच्या 117 मुलांवर आठ आठवडे व्हर्जिन कोकोनट ऑइल आणि मिनरल ऑइल यांची तुलना झाली. खोबरेलानं स्कोरॅडचे गुण सरासरी 68 टक्क्यांनी उतरले, मिनरल ऑइलनं 38 टक्क्यांनी. ऑलिव्ह आणि मोहरीचं तेल मात्र त्वचेचा थर कमकुवत करतं असं प्रयोगांत दिसलं आहे. मालिशीला आलेल्या आजीचं खोबरेल नाकारायचं कारण नाही, फक्त त्याला वासाची भर नको.

आणि स्टेरॉइड. हा शब्द ऐकला की आपली माणसं दोन पावलं मागे सरतात, आणि त्यामागे खरा इतिहास आहे. भारतात औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी, तीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र घातलेली क्रीमं गजकर्णावर आणि चेहऱ्यावर महिनोन्महिने चोळली गेली, त्यातून कित्येकांची त्वचा पातळ झाली आणि गजकर्ण चिवट बनलं. ते दुःख खरं आहे. पण सौम्य इसबावर दिलं जाणारं कमी शक्तीचं हायड्रोकॉर्टिसोन, चट्टे पेटलेले असताना थोडे दिवस, डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, ही वेगळी गोष्ट आहे. जे क्रीम भीतीपोटी कपाटात राहतं आणि त्याच्याऐवजी रोज अब्जावधी जिवाणू गिळले जातात, त्या क्रीममागचा पुरावा कितीतरी पटींनी बळकट आहे.

आपल्या मुलांबद्दल आणखी एक. इसबाची चित्रं बहुधा गोऱ्या त्वचेची असतात, लाल चट्ट्यांची. सावळ्या त्वचेवर ते लाल दिसत नाहीत. राखाडी, काळपट, जांभळट दिसतात, कधी नुसते बारीक खरखरीत पुरळ येतात. त्यामुळे ते दिसत नाहीत, किंवा कमी लेखले जातात. बरे झाल्यावर मागे राहणारा फिकट किंवा काळा डाग म्हणजे कोड नव्हे. तो काही महिन्यांत जातो. हे आजीआजोबांना आवर्जून सांगा, कारण कोडाच्या भीतीनं फोनवरून केलेल्या सूचना मुलाच्या ताटापर्यंत पोचतात.

ताटाचं म्हणजे पथ्याचं. इसबासाठी अंडं बंद, दूध बंद, शेंगदाणे बंद, अशी यादी वाढत जाते आणि मूल वाढत नाही. 2015 च्या लीप चाचणीत गंभीर इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या 640 बाळांपैकी ज्यांनी शेंगदाणे लहानपणापासून खाल्ले त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी 3.2 टक्के होती. ज्यांना टाळायला सांगितलं त्यांच्यात 17.2 टक्के. पथ्यानं ॲलर्जी पाचपट झाली. सौम्य इसबासाठी पदार्थ बंद करण्याचा सल्ला अमेरिकेतले ॲलर्जीतज्ज्ञही देत नाहीत. गंभीर इसबाच्या बाळाला शेंगदाणा सुरू करण्यापूर्वी मात्र डॉक्टरांशी बोला, आणि तो पेस्ट करून किंवा विरघळवूनच द्या. अख्खा दाणा घशात अडकतो.

पुराव्याची हीच कडक चाळण मी माझ्या आवडत्या मलमांनाही लावते. जन्मापासून रोज मलम लावलं तर इसब टळेल, अशी आम्हा डॉक्टरांची मोठी आशा होती. ब्रिटनमध्ये 1,394 बाळांवर ती तपासली आणि 2020 मध्ये निकाल आला: मलम लावलेल्यांत 23 टक्के, न लावलेल्यांत 25 टक्के. टळला नाही. म्हणून आता मी निरोगी बाळाला मलम इसब टाळण्यासाठी सांगत नाही. झालेल्या इसबावर ते उपयोगी आहे, तिथे सांगते.

बाटलीच्या सुरक्षिततेबद्दलही सांगायला हवं. निरोगी मुलाला प्रोबायोटिकनं सहसा अपाय होत नाही, थोडा गॅस होतो इतकंच. पण अमेरिकेत 1994 च्या कायद्यानुसार अशी पूरक उत्पादनं बाजारात आणण्याआधी एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेची मंजुरी लागत नाही, त्यामुळे लेबलवरचा जिवाणू आणि आतला जिवाणू एकच आहे याची तिनं आधी खात्री केलेली नसते. भारतात वर्षानुवर्षं लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनीस म्हणून विकला गेलेला जिवाणू प्रत्यक्षात बॅसिलस कोॲग्युलन्स आहे. काही उत्पादनांत दुधाच्या प्रथिनांचे अंश असतात, दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला ते धोक्याचे. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल 2023 मध्ये एफडीएनं स्पष्ट इशारा दिला आहे: रुग्णालयातल्या अशा बाळांना प्रोबायोटिक दिल्यावर त्यांच्या रक्तात जिवाणूंचा जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या मुलांनाही हे लागू आहे.

एवढं ऐकूनही काही जण म्हणतील, घरात बाटली आहे, मूल निरोगी आहे, करून बघायचं आहे. मी अडवणार नाही. पण मग नीट करून बघा. पोएम नावाची सात प्रश्नांची एक साधी प्रश्नावली आहे, नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी 2004 मध्ये तयार केलेली आणि फुकट मिळणारी: गेल्या आठवड्यात किती दिवस खाज आली, किती रात्री झोप मोडली, किती दिवस त्वचेतून रक्त आलं, पाणी झिरपलं, भेगा पडल्या, पापुद्रे निघाले, कोरडेपणा राहिला. उत्तरं मिळून 28 पैकी गुण येतात. 3 ते 7 म्हणजे सौम्य. बाटली उघडण्याआधी तीनचार आठवडे, मलम आणि कोमट आंघोळ नेमानं चालू ठेवून, दर रविवारी गुण लिहा. मुलाला थोडं समजत असेल तर त्याला विचारून लिहा. नंतर बाटली सुरू करा, बाकी काहीही बदलू नका, आणि बारा आठवडे लिहीत राहा. मग बाटली बंद करून पुन्हा तितकेच आठवडे लिहा, कारण गिळलेला जिवाणू आतड्यात कायमचा राहत नाही, थांबवल्यावर थोड्याच आठवड्यांत नाहीसा होतो. गुण तीनचारांनी उतरले आणि थांबवल्यावर पुन्हा चढले, तर ती वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. गुण जागचे हलले नाहीत, तर पुढची बाटली आणू नका. आणि मधेच कधी चट्ट्यांवर पिवळी खपली धरली, पू आला, किंवा ताप येऊन दुखऱ्या, एकसारख्या बारीक फोडांचे घोस उठले, तर रविवारची वाट न बघता त्याच दिवशी मुलाला दाखवा. फोडांचा तो प्रकार नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस विषाणूचा असू शकतो आणि त्याला तातडीनं औषध लागतं.